आमसुली अस्तर

शहापूरच्या बाजारात ब्लाऊज शिवणाऱ्या पुष्कळ आहेत, पण घराला लुगडं नेसवणारी एकच, कमळमावशी. हे खूळ तिच्याच ओटीवर सुरू झालं. ओटीला रंग द्यायचा होता. दुकानातलं रंगांचं पुस्तक बघून तिला घेरी आली, तेव्हा तिनं आपलं खणाचं पोलकंच रंगाऱ्यापुढं टाकलं. "असं कर. अंग हिरवं, काठ तांबडा." भिंतीच्या तळाशी वीतभर तांबडा काठ फिरला आणि ओटी अशी खुलली की येणारेजाणारे थांबून बघू लागले. तेव्हापासून आसपास कुणाचं घर बांधून झालं की घरची बाई आपलं आवडतं लुगडं पिशवीत घालून मावशीकडं येते. अंग कुठलं, काठ कुठं, पदराची भिंत कुठली, ते मावशी ठरवते. पुरुषांचं मात्र ती ऐकत नाही. शेजारच्या वाळू नावाच्या गड्यानं हट्टानं आपल्या चौकड्याच्या शर्टासारखी खोली करून घेतली, आता तिथं जेवायला बसलं की घास नाकात जातो.

एवढी लोकांची घरं नटवली, पण स्वतःच्या घरातली एक खोली मावशीला साधत नव्हती. ती सुनेची.

अक्षदा मुरबाडकडची, वैशाखरे गावची. सुयोगशी लग्न होऊन पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी पोरीची बॅग पलंगाखालीच. बॅगेतून कपडे काढायचे, धुवून घडी करून परत बॅगेत ठेवायचे. भिंतीतलं कपाट तोंड मिटून रिकामं. पोरगी गुणी, उलट शब्द नाही. पण सासूला हाक म्हणून मारायची नाही. तिची आई लग्नाच्या वर्षभर आधी वारली होती, 'आई' हा शब्द तिच्या गळ्यातच अडायचा. 'अहो' म्हणून ती वेळ भागवायची. सुयोग कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर. "रुळंल गो हळूहळू," म्हणायचा. रुळांवर काम करणाऱ्याला जगात सगळंच रुळतं असं वाटतं. मावशीला मात्र धास्ती बसली होती. बॅगेतून कपडे काढते ती पाहुणी, आणि पाहुणी एक दिवस उठून जाते.

मग एकदा अक्षदानं लग्नातला ब्लाऊज सैल करायला दिला. मावशीनं शिवण उसवली आणि तिचा हात थांबला. वर नवंकोरं रेशीम, आणि आत अस्तर जुन्या, धुवून धुवून मऊ झालेल्या सुती पातळाचं. रंग आमसुली, बारीक पांढरे ठिपके. नवरीच्या ब्लाऊजला जुनेराचं अस्तर कुणी लावत नाही. मावशीला आधी शिंप्याचा राग आला. मग वैशाखऱ्याच्या घरातला हार घातलेला फोटो डोळ्यांपुढं आला. त्या फोटोतली बाई हेच पातळ नेसली होती. आईला लग्नात न्यायचं होतं पोरीला, आणि कुणाला दिसूही द्यायचं नव्हतं. मावशीचे डोळे भरून आले. तिनं शिवण पहिल्यासारखी घातली आणि अवाक्षर काढलं नाही.

पण खोलीचं तिच्या मनात ठरलं. खोलीच्या साऱ्या भिंती पिस्ता रंगाच्या, अक्षदाच्या आवडीच्या. आणि कपाट आतून आमसुली. दार उघडेल तिलाच दिसेल. रंगारी जैतू तिच्या कामावर नव्यानंच आला होता. अक्षदा दोन दिवस माहेरी गेलेली. मावशीनं जैतूला दोन्ही रंग दाखवले, "भिंती पिस्ता नि अस्तर आमसुली," असं बजावलं आणि माप घ्यायला मुरबाडला गेली.

परतली तर चारही भिंती आमसुली.

"मेल्या, काय केलंस रे ह्ये!"

"तुमीच बोलल्या ना, अस्तर आमसुली," जैतू गोंधळला. "अस्तर म्हंजे पयला हात. पांढरा मारतात, पन मंग म्हटलं मावशीचं डोकं येगलं."

मावशीनं कपाळावर हात मारला. शिंपिणीचं अस्तर आत, रंगाऱ्याचं रंगाखाली, पण वरचा रंग बसेतोवर ते साऱ्या भिंतींवर उघडं. पोरीनं काळजाशी शिवून ठेवलेलं आपण असं उघड्यावर मांडलं! आजच्या आज झाकायला हवं, म्हणून ती पिस्त्याचा डबा उघडायला धावली, आणि दारात अक्षदा उभी.

अक्षदानं चपला काढल्या. आत आली. चारही भिंतींकडं वळून वळून बघितलं. मग एका कोरड्या भिंतीला तिनं तळहात लावला आणि तिथंच खाली बसली.

"तुमी बघितलं व्हतं?"

"उसवताना दिसलं गो. कपाटात आतून लावायचं व्हतं, तुझं तुला. ह्या गाढवानं..." मावशीनं डब्याचं झाकण उचकटलं. "झाकते मी आत्ता."

अक्षदा भिंतीशी बसून पोटभर रडली. लग्नात पाठवणीच्या वेळी रडली नव्हती, ते सगळं रडली. जैतू ब्रश घेऊन ओटीवर जाऊन उभा राहिला. मग तिनं डोळे पुसले.

"झाका. अस्तर हाय ना ते? मंग वरून पिस्ताच लावा. आतमंदी हाय, मला ठाव हाय."

गडद रंगावर फिका बसता बसेना. हातावर हात मारून जैतूचे खांदे मोडले, आणि मावशीनं त्याला चहा पाजून पाजून शिव्या दिल्या. रंग वाळला त्या दुपारी मावशी मशीनवर बसली होती. आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज झाला, मग बऱ्याच वेळानं बंद झाल्याचा. अक्षदा बाहेर आली. हातात बॅग होती. मावशीचं मशीन थांबलं. पण बॅग पोटाशी चपटी झाली होती, नुसती बोटावर लटकत होती.

"मावशी," अक्षदा म्हणाली, "ही माळ्यावर टाका. जागा अडते."

सारं शहापूर तिला मावशीच म्हणतं. माय मरो पण मावशी जगो, ही म्हणही तिनं जन्मभर ऐकलेली. पण आज ती हाक अंगाला बरोबर मापात बसली. मावशी स्टूल घेऊन उठली आणि बॅग माळ्यावर अगदी मागं, हात पोचणार नाही अशी सारून आली.