धाकटीची फुंकर

माझी धाकटी बहीण घरी शिवणकाम करते. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, येईल ते. तिचे यजमान बेकरीची व्हॅन चालवायचे. सकाळी भट्टीवरून पाव उचलायचे आणि दुकानादुकानांत पोचवायचे. मेहुणे तसे कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण संध्याकाळी बाटली उघडली की त्यांना आवर नसायचा. रात्रीची सकाळी उतरलेली नसायची. व्हॅन इथे घासली, तिथे घासली, आणि एकदा तर शाळेचं फाटकच पाडलं. नशीब, शाळेला सुट्टी होती.

मालकाने जुना माणूस म्हणून कामावरून काढलं नाही, पण गाडीत यंत्र बसवलं. स्टिअरिंगजवळ वायरला लटकलेली मुठीएवढी डबी आणि तिला एक नळी. नळीत फुंकायचं, श्वासात दारू नसेल तरच इंजिन चालू व्हायचं. वाटेतही ते मधूनच वाजायचं, म्हणजे पुन्हा फुंका. नाही फुंकलं की भोंगा सुरू आणि मालकाच्या फोनवर निरोप.

सुरुवातीला मेहुणे जपून राहिले. मग एका सकाळी जिना चढून वर आले आणि धाकटीला म्हणाले, जरा खाली ये. तिला वाटलं, गाडीला धक्का मारायचाय. त्यांनी नळी पुढे केली. तिने फुंकलं, हिरवा दिवा लागला. पण वाटेत पुन्हा फुंकायचं, म्हणजे सोबत जाणं आलंच.

ते मग रोजचंच झालं. पावाच्या क्रेटना टेकून ती गावभर फिरायची. दुकानदार म्हणायचे, काय जोडी आहे, नवऱ्याला एकटं म्हणून सोडत नाही. ती कसनुसं हसायची. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, पितात ते, आणि अंग माझं मोडून येतं."

एके दिवशी रस्ता झाडणारी एक बाई कडेला वाकून कचरा भरत होती. मेहुण्यांना ती दिसलीच नाही. धाकटी ओरडली तसं त्यांनी चाक फिरवलं. गाडी बाईच्या पदराला घासून गेली. बाई मटकन खाली बसली. लागलं नव्हतं. धाकटीने उतरून तिला पाणी पाजलं. परत आली तर मेहुणे म्हणाले, चल, उशीर होतोय.

पुढच्या वळणावर यंत्र वाजलं. तिच्याकडे न बघता त्यांनी नळी पुढे केली.

"फुंक."

"नाही. गाडी कडेला घ्या."

"भोंगा वाजेल. नोकरी जाईल माझी."

"वाजू दे. ती बाई चाकाखाली आली असती, तर ते माझ्या फुंकरीने झालं असतं. आता माझ्याच्याने होत नाही."

त्यांनी गाडी थांबवली. भोंगा वाजत राहिला, माणसं जमली. मेहुणे स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. ती उतरली नाही, त्यांच्या शेजारीच बसून राहिली.

मालक आल्यावर तिनेच सगळं सांगितलं. मालक मेहुण्यांवर चिडले, पण त्याहून जास्त तिच्यावर. तू सोबत असायचीस म्हणून मी निर्धास्त होतो, म्हणाले. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं.

मेहुण्यांना भट्टीवर क्रेट उचलायला लावलं. कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. चहा झाला का, हेसुद्धा भिंतीला विचारायचे. आणि चहा ती द्यायची. व्हॅनवर आता दुसरा माणूस आहे. त्याला सुपारीचंही व्यसन नाही, तरी रोज फुंकावं लागतं म्हणून तो कुरकुरतो.

मेहुण्यांचं पिणं सुटलेलं नाही. कमी झालंय, असं धाकटी म्हणते. मी खोदून विचारत नाही. परवा गेले तेव्हा ते दोघं समोरासमोर बसून पडद्यांच्या कड्या ओवत होते, फारसं न बोलता. मीही बसले आणि एक पडदा मांडीवर घेतला.