काकांचं एकुलतं एक मत

आमच्या घराण्यात एक आमदार होऊन गेले, ही गोष्ट मी आपण होऊन कुणाला सांगत नाही. सांगितली की समोरचा हटकून विचारतो, "अरे वा, मग काय काय केलं त्यांनी?" आणि मला चहा टाकायच्या निमित्ताने उठावं लागतं.

हे आमदार म्हणजे माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. पन्नासच्या दशकात ते सहा वर्षं मुंबई राज्याच्या विधान परिषदेत, म्हणजे कायदेमंडळाच्या वरच्या सभागृहात होते. तिथे त्यांना जनतेने पाठवलं नव्हतं. जनतेला ते ठाऊकही नव्हते. त्या जागेसाठी लोकल बोर्डांचे आणि नगरपालिकांचे सभासद मत द्यायचे. जिल्ह्यातले दोन मातब्बर एकाच जागेवर डोळा ठेवून एकमेकांच्या उरावर बसले होते. कुणीच मागे हटेना, तेव्हा ज्याचं कुणाशीही वाकडं नाही असा माणूस शोधायचं ठरलं. काकांचं कुणाशी वाकडं नव्हतं, कारण त्यांनी जन्मात कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. काकींनी पेढे वाटले आणि काकांना दोन खादीचे कोट शिवून आले.

आमचं घर विरारजवळ, बोळिंजच्या पुढे, वाडीत. आबा, म्हणजे माझे वडील, आणि काका एकाच छपराखाली दोन चुली मांडून राहत. वाटणीत पानवेलीची आणि केळीची वाडी काकांकडे गेली होती, आणि कामणच्या बाजूची खाडीकाठची भातजमीन आबांकडे. वाडीत स्वतः राबावं लागतं, भात कूळ पिकवून देतं, तेव्हा थोरल्याला भातजमीन, असा तो न्याय. त्या जमिनीचा तांदूळ वर्षभर आमच्या चुलीवर शिजायचा. चुली दोन असल्या तरी दुपारचं पान दोघे भाऊ शेजारी शेजारीच मांडून घेत. आबा बोलत आणि काका जेवत. इतकी वर्षं त्यांचं उत्तम चाललं होतं, याचं हेच कारण असावं.

मग एका अधिवेशनात कुळांना जमिनीचे मालक करणारं विधेयक वरच्या सभागृहात आलं. त्यावर एका सभासदाने दुरुस्ती सुचवली की, ज्यांची मुख्य उपजीविका बागायतीवर आहे त्यांच्या भातजमिनीला या कायद्यातून सूट द्यावी. म्हणजे सरळच आमच्यासारख्यांना; आमची वाटणी तोंडी होती, कागदावर वाडी आणि भातजमीन एकाच घराची. ही बातमी आमच्या बाजूच्या सगळ्या वाड्यांमधून वाऱ्यासारखी पसरली. काका मुंबईला निघाले तेव्हा आबा टांग्यापर्यंत पोचवायला गेले. म्हणाले, "बाकी सहा वर्षं झोपलास तरी चालेल. उद्या मात्र जागा राहा."

दुसऱ्या दिवशी काका परत आले ते खाली मान घालूनच. दुरुस्ती पडली होती. आणि काकांना मतच देता आलं नव्हतं.

का, ते समजायला आमच्याकडची एक रीत माहीत हवी. पानवेलीच्या वाडीत वहाणा घालून कुणी जात नाही. वेल सोवळी असते असं मानतात. कलेक्टर आला तरी कुडाबाहेर वहाणा काढील तरच आत येईल. त्यामुळे जरा कुठे मानाची जागा दिसली की आमच्या माणसांचे पाय आपोआप वहाणांतून बाहेर येतात. कचेरीत, दवाखान्यात, बँकेत. आमचे एक नातलग तर फोटो काढायच्या दुकानातही उंबऱ्याशी वहाणा काढून गेले, आणि लग्नाच्या फोटोत सुटाबुटात अनवाणी उभे आहेत.

काकांनी सांगितलं ते असं. सभागृहात बसल्यावर ते वहाणा काढून बाकाखाली सारत. त्या दिवशी मतविभागणीची घंटा झाली. घंटा थांबली की दारं बंद होतात. मग होय म्हणणाऱ्यांनी सभापतींच्या उजव्या हाताच्या दालनात जायचं, नाही म्हणणाऱ्यांनी डाव्या. काका घाईने वाकले तर एकच वहाण हाताला लागली. दुसरी कुणाच्या तरी पायाने पुढे गेली होती. चार बाकांखाली वाकून ती सापडेपर्यंत सगळे आपापल्या बाजूला निघून गेले होते.

दुसऱ्या कुठल्याही तालुक्यात ही गोष्ट कुणाच्या गळी उतरली नसती. आमच्याकडे सगळ्यांनी विश्वास ठेवला. आबांनी कपाळावर हात मारला, दोन दिवस घर डोक्यावर घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी आलेल्या पाहुण्याला तीच हकीकत स्वतः बाकाखाली वाकून करून दाखवली. जमीन जायची ती गेली. कुळाच्या नावावर झाली. आम्ही बाजारचा कुबट तांदूळ निवडायला लागलो. पण भावांची पानं शेजारीच राहिली. वेंधळ्या भावावर माणूस किती दिवस रागावणार?

ज्याला जमीन मिळाली ते आमचं कूळ एकदा काकांना भेटायला आलं. मोठा भाबडा माणूस. हात जोडून म्हणाला, "शेट, देव पावला. तुमच्या वहानांनी आमची जमीन राखली. देवानंच लपवल्या त्या, दुसरं कोनी न्हाय." काका चहाच्या बशीत बघत म्हणाले, "असेल." मी दारात उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होते.

सहा वर्षं संपत आली. काकांना घरी बसायचं होतं, पण काकींना आमदारीण राहायचं होतं, म्हणून काका पुन्हा उभे राहिले. समोरच्या उमेदवाराने आपल्या कार्याचं चोपडं छापलं होतं; तेव्हा आपलंही हवं, असं ठरलं. काम माझ्या गळ्यात पडलं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझं अक्षर चांगलं आणि जीभ वाईट, असं घरात म्हणत. पैकी अक्षराकडे पाहून मला नेमलं. शिवाय सभागृहाच्या कामकाजाचे जाडजूड इंग्रजी खंड घरी येत, ते वाचू शकणारी घरात मी एकटीच. काकांचं इंग्रजी सही करण्यापुरतं होतं.

हे खंड काकींनी लोणच्याच्या बरण्यांवर वजन म्हणून ठेवले होते. सहा वर्षांची लोकशाही लिंबाच्या लोणच्याला कामाला आली होती. पानांच्या कडा कापलेल्या नव्हत्या, म्हणजे एकही खंड कुणी उघडला नव्हता. मी भाजीची सुरी घेतली आणि पडवीत बसून आमदारांचं कर्तृत्व कापत सुटले.

हजेरी चोख होती. शाळेत असते तर बक्षीस मिळालं असतं. सहा वर्षांत एक प्रश्न होता: विरार स्टेशनावर विड्याच्या पानांच्या करंड्या उन्हात पडून सुकतात, हे सरकारला ठाऊक आहे काय, आणि असल्यास सरकार काय करणार? उत्तर होतं: हा विषय रेल्वेचा, म्हणजे दिल्लीचा, उरलेला प्रश्न उद्भवत नाही. भाषण एक. ते पूर्ण देते: "सभापती महाराज, हा पंखा फार जोरात आहे." बाकी मतदान बहुतेक वेळा आवाजी, त्यात नावं येत नाहीत. मी लिहिलं, "वाहतुकीच्या ज्वलंत प्रश्नावर शासनास जाब विचारला. सभागृहाच्या कामकाजाविषयी परखड मत मांडले." स्वतःवरच खूष झाले.

मग कुळांच्या विधेयकाचा खंड हाती आला. वहाणांच्या दिवशी छापील पानात नेमकं काय दिसतं, ते बघायची मला गंमत वाटली. पान कापलं. दुरुस्तीवर मतविभागणी झाली होती आणि सभासदांच्या नावांच्या दोन याद्या दिल्या होत्या. 'नाही' म्हणणाऱ्यांच्या यादीत काकांचं नाव होतं.

आधी वाटलं, छापखान्याची चूक. पण त्या नावाआडनावाचं सभागृहात दुसरं कुणी नव्हतं. तीनदा वाचलं. काकांनी मत दिलं होतं. आमच्या जमिनीला सूट नको म्हणून, चालत जाऊन दिलं होतं.

मला अभिमानबिभिमान काही वाटला नाही. संताप आला. रोज खडे निवडत होते ते मी. खंड काखोटीला मारून तशीच वाडीत गेले. काका केळीच्या सोपटाने वेल बांधत होते. मी कुडाबाहेर चपला काढल्या, आत गेले आणि म्हटलं, "काका, तुमचं नाव 'नाही'मध्ये आहे."

त्यांनी गाठ पुरी केली. मग म्हणाले, "छापतात होय ते?"

"नावानिशी छापतात."

"मला वाटलं, नुसती डोकी मोजतात."

मला हसू येत होतं आणि त्यांना ढकलून द्यावंसंही वाटत होतं. "का केलंत?" मी विचारलं.

काका खाली बसले. म्हणाले, "त्या उधाणात खाडीचा बांध फुटला होता, आठवतं? दादाला, तुझ्या आबांना, ताप होता, म्हणून मी गेलो होतो. आपलं कूळ आणि त्याची बायको छातीइतक्या चिखलात उभी राहून खिंडार बुजवत होती. मी काठावर छत्री घेऊन. ती मला म्हणाली, 'शेट, मागं सरा, पानी येतंय.' मी सरलो मागे. मग तिकडे सभापतींनी विचारलं, जमीन कुणाची? मी काय सांगणार?"

"दुसऱ्याच्या जमिनीवर उदार होणं सोपं असतं, काका."

"हो," ते म्हणाले. "ही वाडी असती तर गेलो असतो की नाही, देव जाणे."

"मग घरी खरं का नाही सांगितलंत?"

"दादाला? आणि मग जेवायला कुठे बसलो असतो?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी मास्तरीण होते, आणि तेविसाव्या वर्षी खरं बोलण्याची खाज असते. म्हटलं, "सहा वर्षांत तुम्ही एकच गोष्ट केलीत, आणि तीही वहाणांच्या नावावर खपवलीत. हे मी छापणार. पंखा आणि करंड्या छापून तुमचं हसं करून घ्यायचं असेल तर दुसरं कुणी बघा." काकांनी पुढचं सोपट उचललं. मग म्हणाले, "छाप. पण आधी दादाला मी सांगतो."

दुपारी जेवताना त्यांनी सांगितलं. दोनच वाक्यं. मी वाढत होते. आबांनी घास खाली ठेवला.

"तू वहाण शोधत होतास ना रे?"

"नव्हतो."

"मग?"

"गेलो होतो. डावीकडे."

आबा भरल्या पानावरून उठले. आमच्या घरात भरल्या पानावरून कुणी उठल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं पान आमच्या स्वयंपाकघरात आणि काकांचं त्यांच्या. दोन घरांच्या मधलं दार होतं, तिथे आजवर नुसता पडदा असे; आता ते लावून घेतलं जाऊ लागलं.

चोपडं छापून आलं. मत देणारे सगळे वाडीवाले आणि जमीनवाले. काका सपाटून पडले. चोपडं कुणीतरी कुळालाही वाचून दाखवलं. तो येऊन म्हणाला, "म्हंजे ते देवानं न्हाय केलं?" काका म्हणाले, "नाही रे, मीच." त्याचा जरा हिरमोडच झाला. थोडा वेळ बसून तो निघून गेला. काकींनी खंड परत बरण्यांवर ठेवले.

वर्षभराने चंदनसारला एका लग्नाला मी आबांबरोबर गेले होते. पंगतीत शेजारचा एक गृहस्थ ओळख काढून म्हणाला, "तुमचे बंधू म्हणजे सहा वर्षं सरकारी वारा खाऊन आले ते ना?" लोक हसले. मला वाटलं, आबाही हसतील, वर दोन घालतील. आबांनी हातातला द्रोण खाली ठेवला.

"तोंड सांभाळून बोला," ते म्हणाले. "सख्ख्या भावाविरुद्ध मत दिलंन् त्याने. घरी येऊन त्याच भावाला तोंडावर सांगितलंन्. तुमच्यात आहे कुणाची छाती?"

परतताना टांग्यात मी म्हटलं, "आबा, हे काकांना सांगा की."

"तू सांग," ते म्हणाले. "खरं सांगायची हौस तुलाच फार."

ते मला झोंबलं. मी मनाशी म्हटलं, नाही सांगणार. हे ज्याचं त्याने सांगायचं असतं. रोज अंगणात काका दिसत, वेल बांधायला जाताना, येताना. मला विचारत, "शाळा काय म्हणते?" मी म्हणे, "ठीक." दुसरं वाक्य ओठावर येई आणि मी ते गिळून टाकी. मला वाटे, आज नाही तर उद्या आबा स्वतःच ते मधलं दार उघडतील, आणि मी बोलले तर तेवढं राहून जाईल.

पुढच्या श्रावणात काका वाडीतच गेले. पाटाचं पाणी वळवताना बसले ते उठलेच नाहीत. त्यांना ओटीवर आणून निजवलं होतं. आबा मधल्या दाराने आले, पायाशी उभे राहिले, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सांगितलं होतंस ना त्याला?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.