भोंग्यावर वाचलेली वही

शुभदा मॅडमना एका जागी बसणं कधी जमलंच नाही. यवतमाळात त्यांचं घर पिढीजात कचेरीतलं. आजोबा, वडील, काका सगळे एकाच टेबलाला चिकटून राहिले आणि तिथूनच पेन्शनीत निघाले. या बाईंच्या पायाला मात्र भिंगरी. रोज सकाळी एसटीने बोरी अरब, तिथून ऑटोने पुढच्या गावची शाळा. बसमध्ये जागा असली तरी त्या दाराशी उभ्या राहायच्या. वर्गातली खुर्ची नऊ वर्षांत डस्टर ठेवण्याच्याच कामी आली.

मूल्यशिक्षणाचा तास सगळ्याच शाळांना असतो, आणि बहुतेक गुरुजी तो गुपचूप गणिताला देऊन टाकतात. मॅडमना ते खपत नसे. त्यांनी चौथीच्या पोरांना एक वही घालून दिली होती. रोज केलेलं एक चांगलं काम लिहायचं आणि खाली त्यातलं मूल्य: नीटनेटकेपणा, संवेदनशीलता, श्रमप्रतिष्ठा. पहिल्या महिन्यात चाळीसच्या चाळीस वह्यांत म्हाताऱ्या आजोबांना रस्ता ओलांडून दिलेला. मॅडम उखडल्या. गावात एसटी येते दिवसातून दोनदा, मग हे चाळीस आजोबा रस्त्यावर करतात तरी काय, असं त्यांनी विचारलं. पोरं हसली. मग त्यांनी सांगितलं की लहानसं का असेना, पण खरं लिहा. मी एक अक्षर न बदलता परिपाठात वाचून दाखवीन. ही शपथ घेताना त्यांना फार बरं वाटलं होतं.

ते दोन हजार सात सालचे जानेवारीचे दिवस. कापसाला भाव नाही, आणि आहे तो पदरात पडेपर्यंत माणसाचा जीव टांगणीला. कापसाचं संकलन केंद्र शाळेला लागूनच होतं. बैलगाड्यांची रांग शाळेच्या कुंपणाला धरून पार विहिरीपर्यंत जायची. लोक तीन-तीन दिवस गाडीखालीच जेवत, तिथेच झोपत. आणि कापूस वाळून हलका होतो म्हणून त्यावर थोडं पाणी शिंपडत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरलाही. फक्त कोणी बोलत नसे.

त्यात हेडमास्तर किसनरावांनी सव्वीस जानेवारीसाठी भोंगा भाड्याने आणलेला. आणलाच आहे तर परिपाठही त्याच्यावरच होऊ द्या, म्हणाले.

त्या दिवशी एसटी उशिरा आली. मॅडम धावतपळत पोचल्या, राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा झालीच होती. त्यांनी गठ्ठ्यातून वरची वही उचलली आणि माइकसमोर उभ्या राहिल्या. वही फिजाची होती. अक्षर सुरेख, म्हणून वाचायला सोपी.

"काल मी अम्मीला मदत केली. आम्ही दोघींनी गाडीतल्या कापसावर पाणी शिंपडलं. वजन वाढेल. अब्बा मला शाब्बास म्हणाले. मूल्य, श्रमप्रतिष्ठा."

शेवटचा शब्द भोंग्यातून बाहेर पडला तेव्हा कुठे आपण काय वाचलं ते मॅडमच्या डोक्यात शिरलं. कुंपणापलीकडे कोणीतरी फिस्कन हसलं. मग रांगच्या रांग गप्प झाली. फिजाचा बाप कय्युम त्याच रांगेत होता, पुढून सहावा.

ग्रेडरला आता न ऐकल्यासारखं करता येईना. तो उठला, कय्युमच्या गाडीत कोपरापर्यंत हात घातला आणि गाडी बाहेर काढायला लावली. मग लोकांना दाखवायला म्हणून मागच्या गाड्या तपासल्या. चौदा गाड्या परत गेल्या. कापूस पसरायचा, वाळवायचा आणि पुन्हा विहिरीपासून रांग धरायची. शिव्या मात्र ग्रेडरला कोणी दिल्या नाहीत, त्या सगळ्या कय्युमच्या दाराशी गेल्या. दुसऱ्या दिवसापासून फिजा शाळेत आली नाही.

मॅडमना चैन पडेना. फळ्यावर लिहिता लिहिता त्या खिडकीशी जात, परत येत, अर्धं वाक्य तसंच राही. पोरीला घरी मारलं असेल का, आता तिला कायमचीच वेचणीला लावतील का, हेच डोक्यात. किसनराव म्हणाले, आठवडाभरात गाव विसरेल, तुम्ही तिकडे जाऊ नका. घरी वडिलांनी बदलीचा अर्ज सुचवला. मॅडमना दोघांचाही राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. खरं लिहायला लावलं त्यांनी, शपथ घेतली त्यांनी, आणि शिक्षा भोगतेय नऊ वर्षांची पोर.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या कय्युमच्या घरी गेल्या. अंगणभर परत आलेला कापूस पसरलेला. कय्युम तो हाताने उलटत होता, त्याने मान वर केली नाही. त्याच्या बायकोने, खातूनबीने, खाट टाकली. मॅडम बसल्या. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "भाभी, चूक माझी आहे. फिजाची नाही."

खातूनबी म्हणाली, "पोरीले आमी बोट नाही लावलं, मॅडम. ते खोटं थोडीच बोलली. पाणी सारेच मारतात, नाव आमचंच निघालं. तुमी भोंग्यावर वाचलं काहून, एवढंच समजून नाही राह्यलं."

पोरीला शाळेत पाठवा, एवढंच मॅडम पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, अगदी अजिजीने. खातूनबीने नवऱ्याकडे पाहिलं.

"पाठवतो," कय्युम कापसाकडे बघत म्हणाला. "पण तिले ते वहीत लिहायले लावू नका."

मॅडमनी कबूल केलं. दुसरं काय करणार होत्या?

सोमवारी फिजा आली. वेणी घट्ट, गणवेश धुतलेला, जणू मधले दिवस झालेच नाहीत. शेवटच्या तासाला सगळ्यांनी वह्या काढल्या, तशी तिनेही काढली आणि कोऱ्या पानावर तारीख घातली. मॅडम तिच्यापाशी जाऊन थांबल्या.

"तू नको लिहूस, फिजा."

"काहून?" तिला खरंच कळलं नव्हतं. "मी खरं तेच लिहून राह्यली, मॅडम."

सगळा वर्ग बघत होता. आपल्या चाळीस पोरांत ही एकच पोर आपलं ऐकणारी निघाली, हे मॅडमना माहीत होतं. त्यांनी तिच्या हातातून वही काढून घेतली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कडी घातली.