मांडवाबाहेर गेलेलं गाणं

रंगू धवलेरी होती, म्हणजे आमच्याकडे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. सूर्यमाळच्या पाड्यांवर तिच्याशिवाय लग्न उभं राहत नसे. आम्ही शिकलेली पोरं पत्रिकेवर शुभमुहूर्त छापून मिरवायचो, पण खरा मुहूर्त रंगूचा घसा ठीक असेल तो.

तिच्या गाण्यांत दोन्हीकडच्या व्याह्यांना शिव्या असत. कितीही झोंबल्या तरी व्याह्यानं हसायचं. मग रंगू त्याच्या डोक्यावर तांदूळ टाकी आणि म्हणे, "मांडवातलं मांडवात राहो, व्याह्याचं घर नांदो." एवढं म्हटलं की शिवी मिटली.

आमच्या पाड्यावरच्या बुधाच्या थोरल्या पोराच्या लग्नात ठाण्याचा एक पोरगा टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. वर्षभरात, म्हणजे २००३ साली, जव्हारच्या जीपांमध्ये नवी कॅसेट वाजू लागली. वर ढोल, हिंदीत भराभरा बोलायचं ते रॅप, त्यात घाण शिव्या, आणि मधूनमधून रंगूचा आवाज: "बुधा व्याही ताडी पिऊन आला, ताडी पिऊन आला, ताडी पिऊन आला." मशीननं तेवढंच कापून फिरवलं होतं. शिवी मिटवणारी शेवटची ओळ कुठेच नव्हती.

बुधा बाजारात दिसला की पोरं गुणगुणायची. त्यानं मोखाड्याच्या बाजाराला जाणं सोडलं.

शेवटी रंगू, बुधा आणि मी जव्हारला वकिलाकडे गेलो. शिकलेला म्हणून मला नेलं. कायद्यातलं मला बुधाइतकंच कळत होतं, पण माझ्याकडे पॅन्ट होती.

वकील म्हणाले, "बाई, गाणं माझं आहे म्हणा. न विचारता वापरलं म्हणून नोटीस धाडतो."

"माझं कसं म्हणू? थोरल्या धवलेरीनं दिलं, तिला तिच्या थोरलीनं. देवाचं गाणं. माझं म्हटलं तर जीभ झडंल माझी."

"देवाला कोर्टात कसं उभं करू?"

"मग घाणेरडं गाणं म्हणून बंद करा," बुधा म्हणाला.

"तक्रार करता येईल. पण शिव्या या बाईंच्याही आहेत. कॅसेट बंद केली तर उद्या कुणी मांडवाकडेही बोट दाखवेल."

बाहेर आल्यावर बुधा रंगूवर फुटला. "तुझ्यापायी माझी अब्रू जीपमधून फिरते. माझ्या काळीच्या लग्नाला तुला नाय बोलवणार."

"नको बोलवू. मग शिव्या कोण देल रं तुला? हा वकील?"

बुधा हसला नाही. ती चेष्टाही तिथंच पडली. येताना जीपमध्ये तिघंही बाहेर बघत बसलो. ड्रायव्हरनं नेमकी तीच कॅसेट लावली.

काळी बुधाची धाकटी. लग्नाच्या आदल्या दिवशी ती हळदीला बसेना. "रंगूआय नाय तर माझं लगीन नाय." बुधा स्वतः रंगूच्या दारी गेला. काय बोलला ते त्यानं कधी सांगितलं नाही. रंगू त्याच्या मागून चालत आली एवढं खरं.

मांडवात सगळी गाणी झाली. शिव्यांची वेळ आली आणि ती थांबली. व्हिडिओवाल्या मंगेशकडे बोट करून म्हणाली, "आधी ती पेटी मिटव."

"आय, आठवण राहील गं तुझी."

"एक आठवण फिरते ना जीपमधून? पुरे."

मंगेश बुधाकडे बघू लागला. बुधा उठला आणि त्यानं स्वतः कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. मग खाली बसून म्हणाला, "हां, दे आता."

रंगूनं त्याला असं सोलून काढलं की मांडव हसून लोळला. ताडी तर होतीच, वर वकिलाकडे गेल्याचंही कडवं होतं. बुधा हसत होता आणि डोळे पुसत होता. तिनं त्याच्या डोक्यावर तांदूळ टाकले, शेवटची ओळ म्हटली.

दोन पावसाळ्यांनी रंगू गेली. काळीच्या लग्नाच्या सीडीत हळद आहे, जेवण आहे, माझं पॅन्ट घालून नाचणं आहे. तेवढा भाग मात्र नाही. तिचा आवाज आता उरलाय तो त्या कॅसेटवर.

परवा जीपमध्ये ती लागली. पोरं माना हलवत होती. बुधा माझ्या शेजारी होता. ड्रायव्हरला गाणं बंद कर म्हणाला नाही. आवाज संपेपर्यंत थांबला, मग खिडकीबाहेर तोंड करून पुटपुटला, "मांडवातलं मांडवात राहो..." सूर त्याला येत नाही. तरी पुरी ओळ म्हणाला.