ओट्याचा दगड

अपूर्व खानविलकर चहा उभ्यानेच प्यायचा. सिडनीच्या पश्चिमेला, वेंटवर्थव्हिल आणि पेंडल हिल भागात, त्याने पन्नास-साठ घरांची किचन्स नव्याने करून दिली होती. एका हातात कप आणि दुसऱ्या हातात टेप घेऊन तो प्रश्न विचारत सुटायचा. "कुकर कुठे ठेवता? मिक्सर रोज उचलून काढता का? पोळ्या लाटताना तुमच्या पाठीमागून किती जण ये-जा करतात?" समोरची बाई उत्तर देईपर्यंत तो दुसऱ्या भिंतीपाशी पोचलेला असायचा.

पण ते उत्तर तो विसरायचा नाही. खोल कपाटांच्या जागी तो पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर बसवायचा, वाया गेलेला कोपरा कामाला लावायचा, फोडणीचा धूर थेट घराबाहेर काढायचा. जाहिरात त्याने कधी केली नाही. एका घरातल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्याचा नंबर घेऊन जायच्या.

मूळचा तो चिंचवडचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा, भोसरीत नोकरी. २०११ साली बायको चारुताच्या व्हिसावर इथे आला. तिला आयटीत लगेच काम मिळालं, याला आठ महिने मिळालं नाही. शेवटी किचनचे ओटे बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तो लागला आणि सहा वर्षं कारखान्यात तयार होणारा कृत्रिम दगड कापत राहिला. दगड कापायचा ग्राइंडर बहुतेक वेळा पाणी न सोडता कोरडाच चालायचा. संध्याकाळी सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. एकमेकांवर होजपाइपने पाणी मारून ते हसत घरी जायचे.

तिथून बाहेर पडून त्याने स्वतःचं काम सुरू केलं. पुढे काही वर्षांनी त्या दगडावर देशभर बंदी आली. तो कापणाऱ्यांची फुप्फुसं धुळीने निकामी होत होती. अपूर्वने ती बातमी व्हॅनमध्ये बसून वाचली आणि फोन उलटा ठेवला.

"तू तपासून घेतोस ना?" चारुताने विचारलं.

"मला ते काम सोडून सात वर्षं झाली गं."

त्यानंतर त्याने कामं वाढवली. एका वेळी दोन, मग तीन किचन्स. रविवारीही कुणाची तरी बिजागरी नीट करायला तो घराबाहेर पडायचा. जिना चढताना मध्येच थांबून भिंतीचं माप घेतल्यासारखं करायचा.

गेल्या जुलैत पेंडल हिलच्या डॉ. मधुवंती राजवाड्यांनी त्याला बोलावलं. वय एकोणसत्तर, फॅमिली डॉक्टर म्हणून चाळीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. "मला गुडघ्यामुळे वाकता येत नाही आणि स्टुलावर चढायचं नाही," त्या म्हणाल्या. "या दोन्हींच्या मधे माझं सगळं किचन बसव."

अपूर्वला असं काम आवडायचं. त्याने किचन आणि डायनिंगमधली भिंत काढायचं ठरवलं, ओव्हन कमरेच्या उंचीवर घेतला. डॉक्टर तेवढ्यापुरतं कपडे धुण्याच्या खोलीत वरण-भात शिजवू लागल्या. जुना ओटा मात्र त्याच बंदी आलेल्या दगडाचा होता, आधीच्या मालकाने बसवलेला. अपूर्वने तो न कापता, अख्खा उचलून बाहेर न्यायचं ठरवलं.

चौघांनी मिळून ओटा उचलला आणि तो मागच्या दारात अडकला. प्लंबर डॅरेनने ग्राइंडर काढला. "कोपरा उडवतो, मेट. दोन मिनिटं."

"खाली ठेव तो!" अपूर्व ओरडला, तेही मराठीत. मग इंग्रजीत, त्याहून जोरात. डॅरेनने दचकून दोन्ही हात वर केले. शेवटी दाराची चौकटच काढून दगड बाहेर नेला.

माणसं गेल्यावर अपूर्व कुंपणाला धरून दम खात होता. डॉक्टर बाहेर आल्या.

"किती वर्षं कापलास?"

"काय?"

"दगड."

"सहा."

"पाण्याशिवाय?"

त्याने कुंपणाची एक सैल फळी दाबून पाहिली.

"सीटी स्कॅन केलायस?"

"डॉक्टर, पुढच्या आठवड्यात टाइल्स येतील, तेव्हा..."

"टाइल्स येऊ देत. मी काय विचारतेय?"

"मला कळून घ्यायचं नाहीये."

"तुला कळलंय, अपूर्व. म्हणून तर ओरडलास. फक्त हातात कागद नाहीये." तिथेच उभं राहून त्यांनी आपल्या जुन्या क्लिनिकला फोन लावला आणि गुरुवारची वेळ घेतली.

गुरुवारी तो क्लिनिकच्या पार्किंगपर्यंत गेला. इंजिन बंद न करताच वळला, हार्डवेअरच्या दुकानात शिरला आणि नको असलेल्या वीस बिजागऱ्या घेऊन आला. संध्याकाळी चारुता कणीक मळत असताना त्याने पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. हात धुऊन तिने मंगळवारची रजा टाकली. मंगळवारी गाडी तिनेच चालवली.

स्कॅन झाला, पण छातीच्या डॉक्टरांची भेट अकरा दिवसांनी होती. त्या दिवसांत अपूर्वने राजवाड्यांचं किचन ठरल्यापेक्षा लवकर संपवलं. संपल्यावरही तो रोज जायचा. ड्रॉवर उघडायचा, बंद करायचा, स्क्रू पुन्हा पिळायचा. डॉक्टर त्याच्यासाठी पोहे करून ठेवायच्या.

अकराव्या दिवशी छातीच्या डॉक्टरांकडे कळलं. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गाठी होत्या. सिलिकोसिस, सुरुवातीचा. श्वासाची ताकद अजून बरी होती. झालेलं भरून येणार नव्हतं. वाढेल की तिथेच थांबेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. दरवर्षी तपासणी, आणि यापुढे धूळ बंद. चारुता वहीतून एकेक प्रश्न वाचत होती. अपूर्व डॉक्टरांच्या खुर्चीच्या चाकाकडे बघत होता.

गाडीत तो म्हणाला, "पाच किचन्स अर्धी आहेत."

"आराखडे तू कर. कापणं, तोडणं दुसरे करतील."

"म्हणजे धूळ दुसऱ्यांनी खायची?"

"मग ती उडणार नाही हे बघायला तू तिथे उभा राहा. बाहेर, लांब. पण बघ."

घरी पोचल्यावर त्याने पहिला फोन हरजीतला केला. वर्कशॉपमध्ये दोघं एकाच टेबलावर कापायचे. "यार, मैं तो फिट हूँ," हरजीत म्हणाला. "वो काम छोड़े आठ साल हो गए."

अपूर्वला स्वतःचाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं. त्याने वाद घातला नाही. हरजीतच्या बायकोशी बोलून तपासणीची वेळ ठरवली आणि शनिवारी सकाळी त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. हरजीतने आधी चहाचं विचारलं, मग मॅचचं, मग पाठ दुखत असल्याचं सांगितलं. अपूर्व उंबऱ्यातून हलला नाही. पाऊण तासाने हरजीत बूट घालू लागला.

हरजीतचा रिपोर्ट स्वच्छ आला. तो फोनवर मोठमोठ्याने हसत होता आणि अपूर्वला खरंच आनंद झाला. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं, एकच टेबल, तीच धूळ, मग मीच का? हे त्याने चारुताला सांगितलं. तिने त्याचा हात हातात घेतला. मग तो उठला आणि वर्कशॉपमधल्या तिसऱ्याचा, तुआनचा, नंबर शोधू लागला.