पूल काढून टाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणींना नाही — आईला तर मुळीच नाही, कारण ज्या विहिरीची ही गोष्ट आहे ती तिच्या माहेरची. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

परभणीत नकाशे करणाऱ्या एका कचेरीत मी आणि मुक्ता शेजारी बसायचो. काम असं — उपग्रहानं एकाच गावाचे वेगवेगळ्या वर्षी काढलेले दोन फोटो नेमके एकावर एक बसवायचे. ते आपोआप बसत नाहीत; एक जरा तिरका असतो, एक ताणलेला. मग दोन्हींत दिसणाऱ्या, जागच्या न हललेल्या खुणा शोधून संगणकाला दाखवायच्या. त्या जुळल्या की ओढा कुठे सरकला, कुणाचं रान खाल्लं, ते कळतं.

मुक्ता ऊसतोड करणाऱ्यांची मुलगी. कचेरीत आमच्यापैकी एकच जण कायम होणार होतं. डबा खाताना ती म्हणायची, "म्या कायम झाले की आईचा कोयता सुटंल, ताई." मी मान डोलवायचे. आणि ती हात धुवायला गेली की तिच्या बोलण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचे. छान जमायची मला.

तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती — हे लिहिताना आजही हात अडतो. मला तासभर लागणारं काम ती चहा येईपर्यंत उरकायची. एकदा साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले, जरा मुक्ताकडून शिका. झालं. तिथून ती माझ्या डोळ्यांत खुपायला लागली.

मग पालमकडचं एक गाव आलं. माझं आजोळ. जुना फोटो अंधूक, धड दिसत होत्या त्या चारच खुणा — देऊळ, शाळा, ओढ्यावरचा पूल आणि मामांची विहीर. चारही लावल्या तर चित्र बसेना. एक खूण खोटी होती. पण कोणती, ते संगणक सांगत नाही. ते गाव माहीत असलेल्यानंच सांगायचं. मुक्तानं खुर्ची माझ्याकडे वळवली. "ताई, तुमचं आजोळ हाय ना हे? इहीर तीच हाय का, जुनी?"

तीच नव्हती. मामांच्या वाटण्या झाल्या तेव्हा जुनी विहीर बुजवली आणि बांधापलीकडे दुसरी खणली. नवीचं पाणी मी प्यायलेय. पूल मात्र आईच्या लहानपणापासून तिथेच आहे.

मी म्हणाले, "विहीर तीच. पूल नवा बांधलाय. पूल काढून टाक."

रागाच्या भरात नाही — विचार करून म्हणाले. तीनच खुणा उरल्या की, त्यांतली एक खोटी असली तरी, चित्र त्यांवर कसंही बसतं आणि संगणक चूक शून्य दाखवतो, हे मला ठाऊक होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं कुणी होतं? मीच. शून्य बघून तिनं लहान मुलीसारखी टाळी वाजवली. मी तिची पाठ थोपटली.

तो नकाशा घेऊन साहेबांनी तिला गावच्या बैठकीत उभं केलं. मीही गेले. कशाला? बघायलाच. नकाशात ओढा अख्खं एक शेत सरकला होता. ज्याचं रान वाहून गेलं त्याचं शाबूत, आणि कोरड्या आवारात पाणी. एक म्हातारा उठला, "बाई, माज्या गोठ्यात वढा शिरलाय व्हय? म्हशीला पवायला शिकवावं लागंल आता!" सगळी बैठक हसली. मीही हसले, ओढणीआडून.

परतताना गाडीत साहेबांनी तिला विचारलं, खुणा कुणाला विचारून लावल्या? मी खिडकीबाहेर बघत बसले. ती म्हणाली, "म्याच लावल्या, सर." तिला वाटलं असणार, ताईची नजरचूक झाली — ताईची नोकरी कशाला घालवायची?

महिना संपताच तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. मी कायम झाले.

दोन वर्षांनी ती पालमच्या स्टँडवर भेटली. मायलेकी उसाच्या फडावरून परतत होत्या, दोघींच्या हातांवर पाचटाचे ओरखडे. मुक्ता हसली. आईला म्हणाली, "ह्याच त्या ताई. ह्यांनीच मला काम शिकवलं." तेव्हा तरी मी गप्प बसायचं, नाही का? मी तिच्या आईला म्हणाले, "हुशार आहे हो पोरगी, पण घाई फार करते."

"म्या बी तेच सांगायलेय हिला," आई म्हणाली. मुक्ता मान खाली घालून ऐकत राहिली.

माझी एसटी लागली होती. पायरीवर पाय ठेवताना मी वळले आणि तिला म्हणाले, "मुक्ता, असं काम करताना कुणा जाणत्याला आधी विचारायचं असतं."