मॅडमचं शेवटचं धान

विजया खोब्रागडे मॅडम जाऊन महिना होत आला होता, तरी देवश्री प्रयोगशाळेत शिरताना त्यांच्या खुर्चीला वळसा घालूनच जायची. खुर्चीत कोणी नसायचं. प्रश्न मात्र मागून यायचा, "मेलं की झोपलं?"

उगवलं नाही म्हणजे बी मेलं, असं मॅडम मानत नसत. काही बी नुसतं झोपलेलं असतं. त्याला ऊब द्यायची आणि पुन्हा विचारायचं. रेल्वेतल्या फिटरची ही मुलगी जन्मभर छत्तीसगढच्या गावागावांतून जुनं बियाणं जपायला मूठमूठ धान मागत हिंडली. लोकांना ती आधी भिक्षेकरी वाटे, मग सरकारी. सरकारीची भीती जास्त. बुढापारा मोहल्ल्यातली देवश्री तिच्याकडे टायपिस्टची जागा विचारायला आली होती. मॅडमनी तिच्या हाती चिमटा दिला. "टायपिंग राहू दे. हे उगवलं का, पाह्य." तेव्हापासून ती पाहतच राहिली.

मॅडम इस्पितळात असताना कार्यालय नव्या राजधानीत हललं. इमारत भव्य होती. फक्त प्लग यायचे होते. बियांचं थंड कपाट भर मे महिन्यात व्हरांड्यात उभं राहिलं. मॅडम फोनवर विचारायच्या, "कपाट चालू आहे ना?" कार्यालयाचे प्रमुख श्यामकांत साहेब सांगायचे, "हव मॅडम, एकदम फर्स्ट क्लास." या फर्स्ट क्लासवर विश्वास ठेवूनच त्या गेल्या.

मग साहेबांना सुचलं, की पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी मॅडमनी शेवटच्या फेरीत आणलेलं धान कुंडीत उगवलेलं दाखवायचं.

देवश्रीने बी ओल्या कापडात ठेवलं. उगवलं नाही. ऊब दिली, पुन्हा ठेवलं. नाही. शेवटी दाणे उभे चिरून औषधात भिजवले. आत जीव असला तर अंकुर लाल होतो. मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर सगळंच धूसर. मग लक्षात आलं, भिंग अजून मॅडमच्या नजरेला बसवलेलं होतं. इतके दिवस तिने त्याला हात लावला नव्हता. तिने ते फिरवलं. पांढरं. सगळं पांढरं, आणि अगदी स्वच्छ.

"मेलं, सर."

"अहो, हळू बोला! धान धानासारखंच दिसते. कोन ओळखून राहिलं?"

"मॅडमनी ओळखलं असतं."

"त्या आहेत का आता?"

मुद्दा बिनतोड होता.

चौबे कॉलनीतल्या सभागृहात वंदना झाली, भाषणं झाली. मॅडम अमर असल्याचं चौघांनी सांगितलं. त्यातल्या दोघांनी हयातीत त्यांचे प्रवासभत्ते अडवले होते. फोटोसमोर हिरवीगार कुंडी होती. "मॅडमचं धान!" साहेब माईकवर म्हणाले. टाळ्या पडल्या.

मॅडमच्या आईला, मीराबाईंना, धरून कुंडीपाशी आणलं. डोळ्यांनी त्यांना फारसं दिसत नव्हतं. लहान पोरीच्या केसांतून फिरवावा तसा त्यांनी कोंबांवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"देवश्री, हे विजयाचंच होय ना वं?"

साहेबांनी देवश्रीकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, आणि म्हातारीला मान हललेली दिसलीही नसती. देवश्रीच्या पाठीमागे कोणीतरी श्वास रोखून उभं होतं. वळून पाहायची तिची हिंमत झाली नाही.

"नाही, आजी. विजयाताईंचं मेलं. मी स्वतः पाहिलं. हे दुसरं आहे."

साहेब माईकचं बटण शोधू लागले.

मीराबाईंनी हात काढला नाही.

"मंग हे कोनाचं होय?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हंजे काय? कोन्या गावचं, कोनी देल्लं, काही नाव असंन ना त्याले! ज्यानं कुंडी आनली त्या मानसाले इचार."

देवश्री वळली आणि भरल्या सभेतून व्यासपीठाकडे, साहेबांना विचारायला निघाली.